पडद्यावरचे सर

स्वतःच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसून स्वतःचंच व्याख्यान मान डोलवत ऐकणारा प्राध्यापक अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच, आणि तो आमच्या कॉलेजात भूगोल शिकवतो. सरांचा मूळ आवाज असा, की त्यांनी चहा सांगितला तरी शेजारी चाललेला माझा मराठीचा वर्ग दचकून गप्प व्हायचा. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सहा महिने तोंड उघडायला बंदी केली. मी म्हटलं, रजा घ्या. तर गळ्यात अडकवलेल्या पाटीवर त्यांनी लिहिलं, "सहा महिन्यांत पोरं इसरतील मला. मग आवाज येऊन काय करू?" हे लिहिताना ते हसत नव्हते.

पुण्यात कॉम्प्युटर शिकणाऱ्या भाचीनं मग त्यांचा डिजिटल अवतार करून दिला. आवाज जुन्या रेकॉर्डिंगमधून घेतला. चेहऱ्यासाठी सरांनी हट्टानं लग्नातला फोटो पाठवला, त्यामुळे पडद्यावर अवतरले ते दाट केसांचे, काळ्याभोर मिशांचे. पहिल्याच दिवशी पाली गावच्या एका मुलीनं विचारलं, "सर, हे तुमचे धाकटे भाऊ हायत का?" सर एवढे खूश झाले की दिवसभर स्टाफरूममध्ये तिचा प्रश्न पाटीवर लिहून सगळ्यांना दाखवत फिरले.

अवतार शिकवायचा झकास, पण त्याला सरांचा रिवाज ठाऊक नव्हता. चौसाळ्याची एसटी रोज पंधरा मिनिटं उशिरा येते, आणि तिच्यातली पोरं आली की सर धडा पहिल्यापासून सुरू करतात. आता पोरं दारात दिसली की सर मागच्या बाकावरून धावत जाऊन अवताराला थांबवायचे आणि परत सुरुवातीला न्यायचे. मी छेडलं, "कशाला एवढी धावपळ?" पाटी पुढे आली, "त्याला एसटीचं काय ठाऊक?" गावातल्या पोरांना मोसमी वारे रोज दोनदा ऐकावे लागत. त्या वाऱ्यांच्या बाबतीत आता या पोरांचा हात कोणी धरणार नाही.

सहा महिन्यांनी बोलायची परवानगी मिळाली. सर फळ्यापुढे उभे राहिले, बोलले, आणि आवाज पहिल्या बाकापलीकडे जाईना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग दारात उभ्या माझ्याकडे बघून पुटपुटले, "त्यालाच लावू का?"

तेवढ्यात पालीची ती मुलगी उठली. "ऱ्हाऊ द्या सर, तुमीच सांगा. आमीच पुढं येतो." बघता बघता मागचे बाक रिकामे झाले आणि सगळी पोरं टेबलाला खेटून फरशीवर बसली. सर हळूहळू सांगू लागले. मला दारातून एक शब्द कळत नव्हता, त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग चपला काढून मीही पोरांत जाऊन बसलो.