चर्चेतला तिसरा परिच्छेद

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शेतीशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध लिहीत होतो. नव्या अंतरावर कपाशी लावली तर एकरी उतारा वाढतो, हे दाखवायचं होतं. प्रयोगाला तीन रानं घेतली, त्यातलं एक जाफराबादजवळचं आमचंच. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी दोरी धरून, एकेक अंतर मोजून सरकीचं बी मातीत टोबलं. खुरपण, कोळपण, सगळी आंतरमशागत माझ्या कागदावरच्या तारखांनाच केली. घरात आई आजारी असतानाही एक तारीख चुकवली नाही.

बाकी दोन रानांत उतारा वाढला. आमच्यात घटला.

आकडे घेऊन मी मार्गदर्शक सरांकडे गेलो. सर वाईट नव्हते, कायम घाईत असायचे एवढंच. प्रबंधातल्या चर्चेच्या प्रकरणाची चाल ठरलेली होती. आधी निष्कर्ष, मग तो जुन्या संशोधकांशी कसा जुळतो ते, तिसऱ्या परिच्छेदात जे जुळत नाही त्याचं कारण आणि शेवटी शिफारस. विभागाच्या कपाटातले झाडून सगळे प्रबंध याच चालीतले. "कारण दिल्याशिवाय प्रकरण पुढं सरकत नाही," असं म्हणत त्यांनी एक जुना प्रबंध काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी ती जशीच्या तशी उतरवली: सहभागी शेतकऱ्याने आंतरमशागत वेळेवर न केल्याने उत्पादनात घट आली.

निव्वळ भ्याडपणा होता तो.

पुढं त्यावरचा माझा लेख एका शेतीविषयक मासिकात आला, ती ओळही तशीच. दादा ओसरीवर बसून अक्षर अक्षर लावत वाचत होते, मी समोर चहा पीत होतो. तिसऱ्या परिच्छेदाशी ते थांबले.

"सहभागी शेतकरी म्हंजे मीच ना?"

"हो."

आता भडकतील, असं वाटलं. भडकले असते तर बरं झालं असतं.

"पोळ्यानंतरची खुरपण मी बराबर केल्ती," ते हळूच म्हणाले. "पण छापून आलंय म्हंजे माझंच काही चुकलं असंल. न्हाई का?"

ती ओळ खोटी आहे, एवढंच सांगायचं होतं. पण पदवी हातात होती, नोकरीचा अर्ज गेला होता.

"होतं असं कधी कधी, दादा," मी म्हणालो.

पुढच्या पेरणीला ते बांधावर बसून राहिले. दोरी माझ्या धाकट्या भावाच्या हातात देऊन म्हणाले, "तू टोब. माझ्या हातून चुका होऊन राह्यल्या."