दुसरी चिठ्ठी

"हे काय? सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या?" आमच्या विभागाच्या हेड मॅडमनी बरणी माझ्या नाकासमोर धरली.

साताऱ्याच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. अंदमानच्या समुद्रतळावरून आम्ही चाळीसेक बरण्या आणल्या होत्या. तिथे मऊ प्रवाळ असतात. त्यांना दगडासारखा सांगाडा नसतो, पाण्यात ते डुलतात. त्यांच्या फांद्यांत आणि बुंध्याच्या वाळूत नखाएवढे खेकडे, कोळंब्या, किडे, वळवळत्या हातांचे तारामासे राहतात. फांदीत कोण, वाळूत कोण, हे शोधणं आमचं काम. म्हणून प्रत्येक बरणीत स्पिरिट, आणि स्पिरिटातच जागेची चिठ्ठी. चिठ्ठी गेली की उरतो नुसता मेलेला खेकडा. सगळी मेहनत पाण्यात.

चिठ्ठ्या शालनबाईंनी पेन्सिलीने लिहिल्या होत्या. त्या आमच्या लॅब अटेंडंट, लोणंदकडच्या धनगर घरातल्या, कॉन्ट्रॅक्टवर. बाहेरून पाहुणे यायचे होते आणि मला त्या चिठ्ठ्या गबाळ्या वाटल्या.

"बाई, पेनने नीट लिहून टाका."

"आवं सर, पेन्सिलच बरी. तुमीच सांगितलं व्हतं."

"आता मीच सांगतोय ना?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! पेनची शाई स्पिरिटात विरघळते, हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. घाईत विसरलो, असं म्हणणार होतो. घाई कसली, मिजास!

"पेनने कोणी लिहिलं?" मॅडमनी विचारलं.

शालनबाई शेजारीच बरण्या पुसत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

"बाईंनी," मी म्हणालो. खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त हलकट होतं.

"मग यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायला नको. आजच कळवते."

तरीही मी गप्पच. ते आठवलं की आजही कान तापतात.

शालनबाईंनी मॅडमच्या हातून बरणी घेतली. झाकण काढलं, चिमट्याने प्रवाळाची फांदी उचलली. तळाला जुनी चिठ्ठी होती. पेन्सिलीचं अक्षर न् अक्षर शाबूत.

"समद्या बरण्यांत हाय," त्या म्हणाल्या. "जुन्या काडल्याच न्हाईत मी. मेंढराला आमी दोन खुणा करतो. पाठीला रंग, कानाला कातर. रंग पावसानं गेला तरी कान ऱ्हातो."

मॅडमचा चेहरा खुलला. "वा सर, ट्रेनिंग चांगलं दिलंत!"

आता मात्र लाज गिळवेना. "मॅडम, पेनने लिहायला मी सांगितलं होतं. त्या नको म्हणत होत्या."

बाईंचं कॉन्ट्रॅक्ट वाढवल्याचा कागद मॅडमनी त्याच दिवशी सही करून पाठवला. पण मी खरं बोललो कधी, तर बरण्या वाचल्यावर. आधी बोलायला छाती लागते.

लॅब बंद करताना मी म्हणालो, "बाई, चुकलं माझं."

मला वाटलं, 'असू द्या सर' म्हणतील.

"व्हय, चुकलं," त्या म्हणाल्या. मग कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. "आता हितनं म्होरं, कुणाच्या सांगण्यावरनं लिवलं, ते बी चिठ्ठीत येऊ द्या. तुमच्या हातानं लिवा."

मी खिशाकडे हात नेला.

"पेन नगं," त्यांनी पेन्सिल पुढे केली.