जिची धार काढली तीच

कुंडलची माझी आत्या म्हैस घ्यायला गेली की मालकाच्या घरी मुक्कामच ठोकायची. संध्याकाळची धार स्वतः काढायची, सकाळची स्वतः काढायची आणि मगच सौद्याचं बोलायची. "एका धारंला कुनी बी फसवतंय. येक धार चुकवून तुंबवलेली म्हैस दावायची आन् दावं हातात द्यायचं," असं ती म्हणे. लोक तिच्या हट्टाला हसत, आणि स्वतःला म्हैस घ्यायची झाली की तिलाच बरोबर नेत.

नव्वदचं दशक सरता सरता हीच आत्या सुनेला घेऊन सांगलीला माझ्या दारात उभी राहिली. लॅपटॉप घ्यायचा होता. मुलगा फौजेत. सून सुनंदा कराडला टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकलेली. तिथल्या कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट घरी बसून टाइप करून द्यायचे, असं तिच्या मनात होतं. आत्याच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या मामांना, ते पटत नव्हतं. त्यांनी सुनेच्या टेबलासमोर भिंतीत खिळा ठोकून खुरपं टांगलं होतं. "पैलं काम येळंत झालं तर बरं. न्हाई झालं, तर मशीन इकायचं आन् पोरीनं तण काढायला, भांगलणीला यायचं."  आत्याने दावणीची म्हैस विकली आणि सांगलीची एसटी धरली.

"आत्या, साधा कॉम्प्युटर घे की. स्वस्त पडेल," मी शहाणपणा केला.

"आरं, कुंडलात दिवसभर लाईट कवा असती? लाईट गेल्यावर त्याची आरती करू व्हय?"

ओळखीच्या दुकानदाराकडे पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतून आलेले वापरलेले लॅपटॉप होते. मला एक चंदेरी, चपटा आवडला. आत्याने सुनंदाला त्याच्यासमोर बसवलं, वायर काढायला लावली. "लिहीत ऱ्हा. बॅटरी आटंपातूर." चहा येऊन जातोय तोवर चंदेरी बंद पडला. "हिचं तर अंग बी तापतंय," म्हणत आत्याने तो बाजूला सारला. दुसरा जाड, काळा, कोपऱ्यावर ओरखडे उठलेला. तो जेवणवेळेपर्यंत टिकला. मला वाटलं, सुटलो. आत्या मात्र बाकड्यावर भाकरीचं फडकं सोडत दुकानदाराला म्हणाली, "आता चार्जिंग करा. दुसरी धार हाय अजून."

दुकानदार वैतागला. "आजी, हे काय जनावर आहे का?"

"न्हाई, म्हणून तर बघायचं. जनावराला बरं नसलं तर वैरण तरी सोडतंय. ह्ये काय सांगनार?"

संध्याकाळची धारही काळ्याने नीट दिली. पैसे देताना दुकानदाराने आतून दुसराच आणला. "हा न्या. तेच मॉडेल, पण एक ओरखडा नाही." मी हात पुढे केला, तो आत्याने धरला. "जिची धार काढली, तीच माझ्या दावणीला येनार. तिची भैन नगं." आणि तो ओरखड्यांचाच लॅपटॉप पदराखाली घेऊन ती निघाली. माझा सगळा दिवस गेला होता. खरं सांगायचं तर मी चांगलाच चिडलो होतो.

पहिलं काम आलं. ते द्यायच्या दिवशी मी कुंडलातच होतो. सकाळीच वीज गेली. मामा सोप्यात बसून खिळ्याकडे बघत होते. सुनंदा मान वर न करता टाइप करत होती. आत्या तिच्याजवळ उकिडवी बसली, धारेला बसायची तशी. शेवटचं पान झालं, फ्लॉपी बाहेर आली, तरी लॅपटॉप चालूच होता. मामा उठले. फ्लॉपी रुमालात गुंडाळली आणि "मी गाठतो कराड" म्हणून स्वतःच निघाले.

आत्याने खिळ्यावरचं खुरपं काढलं. मला वाटलं, फेकून देतेय. पण ती ते घेऊन रानाकडे चालू लागली.

"आता कुठं निघालीस?"

"सुनंदाच्या वाटणीची भांगलण कुनी करायची? ऊस काय थांबतोय व्हय?"

पुढे कितीतरी वर्षं ती दोघींची भांगलण एकटीने करत राहिली. कंबर वाकली, पण सुनेला टेबलावरून उठू दिलं नाही. 

आत्याला जाऊन आता बराच काळ झाला. सुनंदाचं गावात टायपिंगचं दुकान आहे. कुणाला घरासाठी लॅपटॉप घ्यायचा असला की लोक तिला बरोबर नेतात, आणि ती भाकरी बांधून घेऊनच निघते. घरातल्या जुन्या टेबलासमोर मामांनी ठोकलेला खिळा अजून आहे. त्यावर सुनंदाने आत्याचा फोटो लावलाय.