चिंगमच्या कार्डांचं लॅमिनेशन

चिंगमच्या पाकिटात क्रिकेटपटूंची कार्डं यायची, त्या काळातली मी. चेंबूरच्या आमच्या कॉलनीत सगळी पोरं ती जमवायची आणि मी त्या सगळ्यांच्या वरचढ होते. चिंगम दोन मिनिटांत बेचव व्हायचं, पण चिंगमसाठी ते घेत होतं कोण? पन्नासांपैकी एकोणपन्नास कार्डं जमली. एका विकेटकीपरनं मात्र शेवटपर्यंत हुलकावणी दिली.

दहावीचा निकाल लागला तेव्हा बाबा माझी मार्कशीट लॅमिनेट करायला घेऊन गेले. कागद महत्त्वाचा ठरला की बाबा तो प्लास्टिकमध्ये बंद करून आणायचे. आजोबांचा गिरणीचा पास, आईचा जन्मदाखला, सगळं तसंच. त्या दिवशी मार्कशीटबरोबर माझी एकोणपन्नास कार्डंही लॅमिनेट होऊन आली.

"आता पाण्यात पडली तरी काय होवचा नाय," बाबा खुशीत म्हणाले.

मी घर डोक्यावर घेतलं. ती ताठ, बुळबुळीत कार्डं धड पिसताही येईनात. "वाट लावलीत सगळ्याची! कळत नाही तर हात कशाला लावता?" आईसमोर बोलले मी हे. गठ्ठा फेकून दिला. त्यानंतर बाबांनी माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावला नाही, आणि मला तो माझा विजय वाटला. मूर्ख होते, दुसरं काय.

बाबा गेल्यावर कपाट आवरताना त्यांची फाइल निघाली. आजोबांच्या पासाखाली तो गठ्ठा नीट रबरबँड लावून ठेवलेला. माझा खेळ त्यांनी महत्त्वाच्या कागदांत धरला होता. हे कळलं तेव्हा माफी मागायला समोर कोणी नव्हतं. मी खूप रडले.

तेव्हापासून राहिलेल्या त्या एका कार्डाच्या मागे लागले. आता मी कांदिवलीला राहते. मुलुंडच्या एका हॉलमध्ये जुनी कार्डं जमवणारे महिन्यातून एकदा भेटतात, तिथे जाऊ लागले. तिथल्या एका काकांकडे तो विकेटकीपर होता. माझा गठ्ठा बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"लॅमिनेशन? कोणी केलं हे? वाट लावली ना यार सगळ्याची!"

"माझ्या बाबांनी," मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले.

नशिबानं माझी जादाची, म्हणजे 'डबल' कार्डं लॅमिनेशनमधून सुटली होती. त्यातली तीन देऊन विकेटकीपर मिळवला. काकांनी तो मऊ पाकिटात घालून दिला आणि कडांना बोटही लावू नका, असं बजावलं.

स्टेशनबाहेर झेरॉक्सचं दुकान होतं. मी पाकिटातून कार्ड काढलं आणि काउंटरवर ठेवलं. लॅमिनेट करायचंय म्हटल्यावर दुकानातल्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"ताई, एकदा केलं की परत निघत नाही हां."

"माहितेय," मी म्हणाले. "तीस वर्षं निघालेलं नाही."