समुद्राची तालीम

त्या दिवशी सकाळी दादाने आम्हाला सगळ्यांना गाडीत बसवलं आणि गाडी काही सुरू करू दिली नाही.

गाडी आमच्या ह्यांची, शाळेच्या मुलांना ने-आण करायची व्हॅन. दादाचं आणि आमचं घर शेजारी-शेजारी, तिथेच समोर गल्लीत उभी. पुढे स्टेअरिंगवर हे, मागे वहिनी आणि मी, आणि आमच्या दोघींच्या मधे ठिगळ. ठिगळ म्हणजे दादाचा कुत्रा. सगळा काळा आणि पाठीवर एक पांढरा चौकोन, कुणीतरी मागाहून शिवून टाकल्यासारखा. दादाचं दुकान गाड्यांच्या सीटा शिवायचं, त्याला दुसरं कुठलं नाव सुचणार होतं?

दादा खाली उभा राहून खिडकीतून बघत होता. "हलू नका कुणी. अर्ध्या वाटेत कळलं जागा पुरत नाही, तर काय करायचं?"

समोरची शेजारीण कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "कुठे निघालात सगळे?"

वहिनी म्हणाली, "कुठे नाही हो, बसलोय."

"बसलाय म्हणजे?"

"म्हणजे परवा समुद्रावर जायचंय ना, तर आज नुसतं बसायची तालीम आहे."

शेजारणीच्या हातातला टॉवेल खालीच पडला हसता हसता. हे म्हणाले, "दादा, निदान हॉर्न तरी वाजवू का? जरा गेल्यासारखं वाटेल." दादा म्हणाला, "वाजवा जावईबापू, ठिगळ दचकतो का तेही बघून घेऊ." ठिगळ नाही दचकला, वहिनी दचकली.

पण दादाला एक दिसलं. ठिगळ सारखा माझ्याकडे कलत होता. दादाने हात घालून सीट दाबून बघितली. "या बाजूला बसलीय सीट. वळणावर हा घसरत राहणार, पोटात ढवळणार त्याच्या. काढा, संध्याकाळपर्यंत नीट करून देतो."

वहिनी म्हणाली, "अहो राहू द्या, मी घेते मांडीवर."

"तुझी मांडी पण आता बसलीय," दादा म्हणाला, आणि वहिनीने खिडकीतून त्याला फटका मारला. मग सीट खांद्यावर टाकून तो दुकानात गेला, मागे ठिगळ.

दादाची एक रीत होती. शिवलेली सीट स्वतः बसून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. रिक्षाची असो, ट्रकची असो, खाली ठेवायची, भिंतीला टेकायचं, डोळे मिटायचे आणि बसायचं. गिऱ्हाईक घाई करत असलं तरी बसायचं. दुपारी वहिनी डबा घेऊन गेली तर तो तसाच बसलेला. सीट झाली होती. ठिगळ पायाशी झोपलेला. वहिनी म्हणाली, "झालं का बसून? जेवून घ्या आता." डबा उघडला, भाजी काढली, पाणी ठेवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं.

डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, एका क्षणात झालं असणार. मी मनाला सांगते, ठिगळ झोपलेलाच होता म्हणजे दादा ओरडला नाही, म्हणजे दुखलं नसेल. कुत्र्याला कळलं असतं.

रडायचं ते रडतेच आहे अजून. पण दादाचं सांगायला बसलं की आधी हसू येतं, त्याला मी काय करू. त्यात त्याची ही समुद्राची तयारी म्हणजे तर विचारू नका.

तर झालं असं. वहिनीने आयुष्यात समुद्र बघितला नव्हता. तिचं मागणं काही मोठं नव्हतं. साडी नको, दागिना नको, "एकदा पाय बुडवायचेत" एवढंच म्हणायची. दादा दर वर्षी हो म्हणायचा आणि दर वर्षी घोडं कुत्र्यापाशी अडायचं. एकदा एका लग्नाला जाताना ठिगळला शेजारी ठेवला होता, तर तो दादाला शोधायला पळाला आणि परत आला तो पाय फाडून घेऊन. तेव्हापासून दादाचं ठरलं, जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. आणि समुद्र म्हटला की दादाचीच पाचावर धारण. पोहता त्याला येत नव्हतं. ठिगळला येतं का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

वहिनी म्हणायची, "अहो, सगळ्या कुत्र्यांना येतं पोहता."

"सगळ्या माणसांना स्वयंपाक येतो का? मला येतो?"

या वर्षी मात्र वहिनी हट्टालाच पेटली. दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी. माझ्याकडून निरोप पाठवायची, "वन्सं, तुमच्या भावाला सांगा चहा ठेवलाय." भाऊ समोरच बसलेला. शेवटी दादा म्हणाला, "जाऊ. पण कुत्रा जसा नेला तसा परत आणायचा, ही माझी अट."

आणि लागला कामाला. सीट शिवायची तर आधी जुन्या कापडावर कापून, टाचून बघायची, मग चांगल्या कापडाला कात्री लावायची, ही त्याची सवय. त्याने समुद्रही तसाच आधी टाचून बघायला घेतला.

पहिलं म्हणजे आवाज. ठिगळला फटाक्यांची भीती, तर लाटांची नको वाटायला म्हणून दादाने मोबाईलवर लाटांचा आवाज लावायला सुरुवात केली. ठिगळ जेवायला बसला की लाटा. आधी हळू, मग रोज थोडा मोठा. ठिगळला एवढी सवय झाली की लाटा वाजल्या की तो ताटलीकडे पळायचा. वहिनी म्हणाली, "मला घरात बसूनच समुद्राचा कंटाळा आला, आता नेलं नाहीत तरी चालेल." दादाने लगेच विचारलं, "खरंच?" वहिनीने लाटणं दाखवलं.

मग खोलीचं बघितलं. समुद्राजवळ एक बाई घरातल्या खोल्या भाड्याने द्यायची, तिला फोन. फोन स्पीकरवर टाकला होता, आम्ही सगळे ऐकतोय.

"किती जण येणार?"

"पाच जण. त्यातला एक कुत्रा."

"चावतो का?"

"चावतो, पण फक्त सीट."

मग दादाने विचारलं, बाथरूमची फरशी गुळगुळीत आहे का, कारण याचे पाय घसरतात. शेजारी दुसरा कुत्रा आहे का. भरती कधी, ओहोटी कधी. कोळी लोक जाळी वाळत घालतात ती कुठे, त्यात गळ राहिलेला असतो का. आणि तुमच्या कुंपणाच्या फाटकाखाली फट किती. ती म्हणाली, "अहो, फट कुणी मोजतं का?" दादा म्हणाला, "हात घालून बघा ना बाई." आणि ती खरंच गेली बघायला! परत येऊन म्हणाली, "मांजर जाईल." दादा म्हणाला, "मांजर जाईल म्हणजे हा डोकं घालणार आणि अडकणार." बाई वैतागली असणार, पण खोली नाही म्हणाली नाही.

सगळ्यात मोठा घोळ जॅकेटचा झाला. बोटीत बसताना माणसं घालतात ना, पाण्यावर तरंगायचं जॅकेट, तसं ठिगळसाठी दादा स्वतः शिवणार. बाजारात मिळतं म्हणून ह्यांनी सांगितलं, तर म्हणे, "माझ्या दुकानात फोमचे ढीग पडलेत आणि मी विकत आणू?" जाड रेक्झिन, आत सीटचा उत्तम फोम, दुहेरी शिलाई, पाठीवर उचलायला मूठ. इतकं देखणं केलं की ह्यांनी विचारलं, "माझ्या मापाचं होईल का?" ठिगळ ते घालून गल्लीतून चालला तर बँडवाल्यांच्या म्होरक्यासारखा दिसत होता.

पण दादा ठिगळला लगेच पाण्यात टाकणाऱ्यातला नव्हता. दुकानाशेजारी गाड्या धुण्याचं ठिकाण आहे, तिथे सिमेंटची टाकी. दादाने एका पोत्यात चिंध्या आणि वाळू भरून ठिगळच्या वजनाचं बोचकं केलं, त्याला जॅकेट बांधलं आणि आम्हा सगळ्यांसमोर टाकीत सोडलं.

बोचकं जरा वेळ तरंगलं. दादाने आमच्याकडे मान वळवून बघितलं, कसं काय म्हणून. परत वळला तर टाकीत नुसते बुडबुडे.

सीटचा फोम तो, पाणी पितच गेला. दोघांनी मिळून ओढून काढावं लागलं एवढं जड झालं होतं. गाड्या धुणारा म्हणाला, "मास्तर, हे समुद्रात घेऊन जाऊ नका, समुद्र आटेल." दादा स्वतःच टाकीच्या कडेला बसून पोट धरून हसला. म्हणाला, "आजवर माणसाचं बूड सांभाळणारा फोम बघितला. न बुडणारा बघायची वेळच आली नाही."

मग विचार करत घरी आला आणि दारात माझी चप्पल बघून थांबला. "चिमे, नाल्याला पाणी येतं तेव्हा पहिलं काय वाहून जातं? चप्पल! कधी बुडलेली बघितलीस?" तसाच मागे फिरला आणि चपलावाल्याकडे जाऊन तळव्याच्या हलक्या रबराची कातरणं गोळा करून आणली. निळी, हिरवी, लाल. ती भरून बोचकं पुन्हा टाकीत सोडलं. वर त्या गाड्या धुणाऱ्याने बादलीने पाणी ओतलं, हाताने दाबलं, तरी ते बाहेर. दादाने टाळ्या वाजवल्या. मग ठिगळला सोडला. तोंड अगदी कारल्यासारखं केलं होतं त्याने, पण तरंगला.

मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला नेलं. त्यांनी ठिगळला तपासलं, सुया टोचलेल्या होत्या का ते बघितलं आणि जॅकेटला हात लावून म्हणाल्या, "काका, तरंगेल छान, पण वाफवून निघेल हो. उन्हात हे रेक्झिन तापणार." दादाचा चेहरा पडला, पण दुकानात येऊन वरचं रेक्झिन उसवलं आणि जाळीचं कापड लावलं. बाईंनी अजून बरंच सांगितलं होतं. निघायच्या आधी पोटभर घालू नका. वाटेत थांबून पाय मोकळे करू द्या. बंद गाडीत एकटा ठेवू नका, पाच मिनिटंसुद्धा नाही. वाळूवर आधी आपला पालथा हात ठेवा, आपल्याला सहन झालं नाही तर त्यालाही होणार नाही. खारं पाणी पिऊ देऊ नका, गोडं पाणी सोबत ठेवा, आणि समुद्रातून आला की गोड्या पाण्याने धुवा. दादाला सगळं पाठ. आणि आपल्याला पाठ झालं तेवढ्यावर भागेना, आम्हालाही विचारायचा. मी भांडी घासत असले की मागून, "चिमे, मेलेला मासा दिसला तर?" मी म्हणायचे, "तोंडात घालू द्यायचा नाही." "आणि जेलीफिश?" "तो पण नाही." "शाब्बास."

तर असं सगळं झालेलं. पिशव्या भरलेल्या. आणि मग ते झालं.

वहिनीने पिशव्या रिकाम्या केल्या, जॅकेट खुंटीवर अडकवलं, आणि समुद्राचं नाव घेतलं नाही. मी एकदा विषय काढून बघितला तर म्हणाली, "वन्सं, आता कसलं. कुत्र्याची जबाबदारी त्यांची होती. काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?" ठिगळचं खाणंपिणं ती बघत होती, फिरवत होती, पण गल्लीच्या पुढे नाही. दोरी अशी धरायची की हाताला वळ.

बरेच दिवस गेले आणि एक दिवस फोन वाजला. ती खोलीवाली बाई. दादाच्या नंबरवर लावून थकली आणि आमच्या ह्यांचा नंबर दिलेला होता त्यावर लावला. मी फोन वहिनीकडे दिला. ती बाई म्हणाली, "तुम्ही आलाच नाहीत, कळवलंही नाहीत, मला काळजी लागली. कुत्रा बरा आहे ना?"

वहिनीने सांगितलं. मग ती बाई म्हणाली, "मी फाटकाखाली विटा लावून घेतल्यात हो. त्यांचा फोन आला त्याच दिवशी."

वहिनीने फोन ठेवला. मग म्हणाली, "वन्सं, त्या बाईने विटा लावल्यात. ओळख ना पाळख. न जाऊन कसं चालेल?"

गेलो आम्ही. ठिगळ सीटवर सरळ झोपून आला, वळणावरसुद्धा नाही घसरला. बाईने दारातच आधी ठिगळला पाणी ठेवलं, मग आम्हाला विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत समुद्रावर. मी वाळूवर पालथा हात ठेवला, ह्यांनी पाण्याची बाटली आणि वाडगा सांभाळला. ओहोटी होती, पाणी शांत. जॅकेट घालून ठिगळ पुढे, लांब दोरी वहिनीच्या हातात.

वहिनी पाण्यापासून चार हात लांब उभी राहिली, पुढे येईना. "मी इथूनच धरते. तुम्ही जा." मी म्हटलं पाय बुडव ना, त्यासाठी तर आलो. तर नुसती मान हलवली. सगळं लक्ष कुत्र्यावर. ठिगळ लाटेचा वास घेत होता, आणि आवाज ऐकून ताटली कुठेय म्हणून इकडेतिकडे बघत होता.

मग एक जरा मोठी लाट आली. ठिगळने ती बघितली आणि जो पळाला तो थेट वहिनीकडे, तिच्याभोवती एक गोल, मग अजून एक गोल. दोरी तिच्या पायांना गुंडाळली. वहिनी "अरे अरे अरे" करत धप्पकन खाली बसली आणि लाट तिच्या कमरेपर्यंत येऊन गेली. साडी भिजली, केस सुटले, मांडीवर ठिगळ, जॅकेटसकट.

हे धावले, मीही धावले. म्हटलं आता रडणार ही. मी हात पुढे केला.

तिने माझा हात बाजूला केला. नाकातोंडात पाणी, आणि हसतेय. एका हाताने जॅकेटची मूठ घट्ट धरलेली.

"थांबा वन्सं," म्हणाली, "अजून एक येऊ दे."