पोटावरचे तीन डाग

आष्ट्याजवळची ती केस आठवली की माझा आजही गोंधळ उडतो. उभी हयात खाकीत गेली. चोऱ्या पाहिल्या, खून पाहिले, आणि आरोपी कोण हे बहुतेक वेळा चहा संपायच्या आत कळायचं. इथे मात्र तीन जणांनी कबुली दिली आणि मी डोकं धरून बसलो.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. सरकारी दवाखान्यातून खबर आल्याचं ठाणे अंमलदाराने सांगितलं आणि स्टेशन डायरीला नोंद केली. अकरा महिन्यांची मुलगी, अंगात ताप, पोटावर भाजल्याचे तीन डाग, त्यातला एक चिघळलेला. चटके मुद्दाम दिलेत असा डॉक्टरांचा संशय होता. माझं डोकंच फिरलं. माझी नात त्याच वयाची होती.

महिला हवालदाराला घेऊन दवाखान्यात गेलो. कुटुंब जतकडचं, मेंढपाळ. एका ऊसवाल्याच्या रिकाम्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या, त्यांचा मुक्काम तिथेच. मुलीजवळ तिची आई, बाप आणि आजी. मलमपट्टी झाल्यावर तिघांनाही ठाण्यात आणलं. पोरगी आईच्या कडेवर होती. तिची मान सारखी एका बाजूला कलंडत होती. मला वाटलं, तापाने असेल.

तिघांची चौकशी वेगवेगळी केली, शिरस्त्याप्रमाणे. आधी आईला विचारलं, "डाग कुणी दिला?"

"म्या दिला साहेब. दाभण तापवून. हितंच, ह्याच रानात."

चला, सुटलो म्हणायचं! पण मग बाप आत आला आणि म्हणाला, "मी डागलं साहेब. मेंढराला डागायची सळई हाय, तिनं. तवा आमी कराडच्या अंगाला हुतो."

आजी तर दारातूनच बोलत आली. "आवं साहेब, पोरांना काय विचारताय? मीच डागली नातीला. बांगडीचा तुकडा तापवला हुता. माणदेशातनं निघालो, त्या पहिल्या रानात."

आता काय करायचं? माणसं तीन, हत्यारं तीन, ठिकाणं तीन. एकमेकांना वाचवायला खोटं बोलतात, असं मी ठरवून टाकलं. तिघांना समोर उभं करून झाप झाप झापलं. "खरं बोला, नाहीतर पोरगी आजच बालकल्याण समितीच्या ताब्यात जाईल," असं म्हणालो. आईने पोरीला असं काही आवळलं की पोरगी किंचाळली. "माझ्या लेकराला नका नेऊ," एवढंच ती म्हणत राहिली. म्हातारी मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. "तुमास्नी तुमच्या आईनं कवा डागलं न्हाई व्हय साहेब?"

माझ्या बेंबीशेजारी तसाच एक वण आहे. लहानपणी पोट फुगायचं म्हणून आईने दिलेला. आईला आरोपी म्हणायचं माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. मी उगाच कागद चाळत बसलो.

घटनेची तारीख आणि वेळ हा रकाना भरायचा राहिला होता. तारीख विचारली तर तिघेही पुन्हा रानंच सांगायला लागले. मी वैतागलो. तेव्हा हवालदार बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, मी आटपाडीची. आमच्याकडं मेंढरामागची माणसं दिवस रानावरनंच मोजतात. हे तारीखच सांगत्यात तुम्हाला."

मी डॉक्टरांना फोन लावला. तिन्ही डाग एका वेळचे आहेत का? ते म्हणाले, नाही. एक जुना, पांढरा पडलेला. एक काही महिन्यांपूर्वीचा. तिसरा ताजा, तोच चिघळलाय. म्हणजे कुणीच खोटं बोलत नव्हतं. तिन्ही डाग एकानेच दिले असणार, हे मीच गृहीत धरलं होतं.

मग नीट विचारलं. पोरगी पाच महिन्यांची झाली तरी मान धरेना, म्हणून आजीने डागली. आठव्या महिन्यात हातपाय ताठ करायला लागली, म्हणून बापाने. आता दूधही ओढेना, म्हणून आईने. लंगडणाऱ्या कोकराला जे करतात, तेच. शिवाय घाव चिघळल्यावर दवाखान्यात आणणारी आईच होती.

गावातल्या अंगणवाडीच्या ताईंना जबाबाला बोलावलं. त्या पहिल्याच प्रश्नाला रडायला लागल्या. "मी बघितलं होतं पोरीला, साहेब. मान धरत नाही हे कळलं होतं मला. पण ही माणसं चार दिवसांत जाणार, नाव यांच्या गावच्या यादीत असणार, असं वाटलं." जतकडच्या त्यांच्या गावच्या यादीत नाव होतं. त्यापुढे शेरा होता, 'बाहेरगावी'. वाटेतल्या प्रत्येक रानापासून अंगणवाडी हाकेच्या अंतरावर होती. सांगलीत अशा बाळांना लवकर हेरून उपचार करणारं केंद्रही होतं. या घराला त्याचा पत्ताच नव्हता.

अहवालात काय लिहावं ते कळेना. डागणं गुन्हाच आहे, ते लिहिलं. पण पोरीपर्यंत कुणीच कसं पोचलं नाही, याच्या आठ ओळी जास्तीच्याही लिहिल्या. डॉक्टरांनी, अंगणवाडीच्या ताईंनी आणि मी समितीपुढे एकच सांगितलं, की पोर आईजवळ राहू द्या आणि उपचार सुरू करा. समितीने ते मानलं. अटी दोनच घातल्या, की केंद्रात नेमाने यायचं आणि पुन्हा डागायचं नाही. मेंढ्या बापाबरोबर पुढे गेल्या. आई आणि आजी मुलीला घेऊन सांगलीजवळ राहिल्या. कुठल्याही रानात गेले तरी पोरीचं नाव तिथल्या अंगणवाडीच्या यादीत जाईल, ही जबाबदारी ताईंनी आपणहून अंगावर घेतली.

कुणी केलं, हे विचारायचं पोलिसाच्या अंगात मुरलेलं असतं. पहिल्या आणि तिसऱ्या डागामधल्या सहा महिन्यांत कोण आलं नाही, हे विचारायला आमच्या कागदात रकाना नाही. त्या सहा महिन्यांचा आरोपी कोण, ते मला निवृत्त झाल्यावरही सांगता येत नाही. खरंच नाही.

पुढच्या वर्षी काही कामाने सांगलीला गेलो, तेव्हा त्या केंद्रात डोकावलो. पोरगी भिंतीला टेकून बसली होती. मान जरा डुलत होती, पण वर होती. आईने मला ओळखलं. मी काही विचारायच्या आत तिने पोरीचं झबलं वर केलं आणि म्हणाली, "बघा साहेब. चौथा न्हाई."