‘यू’ म्हणजे तू की तुम्ही

२०२३ साल. मला सदुसष्ट सरली होती, आणि त्या वयात मुलाने मला आणि बायकोला इंग्रजी शिकायला घातलं. का, तर आई-बाबा आता कायमचे इकडे दुबईत राहायला आलेत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये चार माणसांत बोलता यायला हवं. हा गावाकडे कॉलेजात होता तेव्हा मी दुबई मरीनाच्या टॉवरांवर शटरिंगचा फोरमन होतो. शिक्षण चौथी. थोडी हिंदी, ‘चला’ला अरबी यल्ला आणि ‘संपलं’ला खलास, एवढ्यावर शंभर माणसं हाकली. टॉवर अजून उभे आहेत.

क्लास म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंचा हॉल, रोज सकाळी. बाई दिल्लीकडच्या, सुनेच्या वयाच्या, आणि मला सरळ नावाने हाक मारायच्या. समोर आम्ही दहा-बारा म्हातारे. कोणी स्वतःचं वय इंग्रजीत सांगितलं की टाळ्या. वयच सांगितलं ना, त्यात पराक्रम कसला? टाळ्यांत माझी बायको सगळ्यांच्या पुढे.

एके दिवशी बाईंनी नाटक करायला लावलं. नवरा उशिरा घरी येतो, बायको जाब विचारते. उभं केलं आम्हा दोघांना. लग्नाला चाळिसाच्या वर वर्षं झाली, हिने मला कधी अरे-तुरे केलेलं नाही. भांडणातसुद्धा ‘अहो’. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली,

“यू आर लेट. यू सिट. यू ईट कोल्ड फूड.”

सगळा हॉल हसायला लागला. मी बाईंना हिंदीत विचारलं, हे यू म्हणजे तू की तुम्ही? त्या म्हणाल्या, दोन्हीला एकच. म्हणजे सासऱ्याला जो शब्द तोच कुत्र्याला. आणि असली भाषा शिकायला ही मंडळी पावडर लावून येतात.

घरी आल्यावर ती मेथी निवडायला बसली. मी विचारलं, “मघाशी मला काय म्हणालीस? तू, की तुम्ही?”

“बाईंनी सांगितलं की. एकच असतं.”

“तुझ्या मनात काय होतं?”

तिने हातातली जुडी खाली ठेवली. “अहो, मनात काही नव्हतं. म्हणताना बरं वाटलं, एवढंच.”

मग मी तिला सांगून टाकलं, क्लास खलास. उद्यापासून दोघांनीही जायचं नाही.

“तुम्ही नका येऊ,” ती म्हणाली. “तुम्ही आराम करा. मी जाणार.”

तुम्ही, तुम्ही. मान पुरेपूर दिला आणि ऐकलं काडीचं नाही. संध्याकाळी मुलाला सांगितलं, तर तो हसून म्हणाला, “बाबा, ग्रामर आहे ते.” त्यालाही तेवढंच कळतं.

जेवायला वाढताना ती सहज बोलल्यासारखं बोलली, की उद्या बाजाराचं नाटक आहे. मी नसलो तर बाई तिची जोडी त्या बँकेतून रिटायर झालेल्या गृहस्थांशी लावतील. हा गृहस्थ क्लासला सेंट मारून येतो आणि बोलायच्या आधी घसा साफ करतो. त्याला ही यू म्हणणार, तो हिला यू म्हणणार, आणि कोणी कोणाला काय म्हटलं ते कोणालाच कळणार नाही. मी ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि तिच्या आधी जाऊन बाईंच्या दाराची बेल वाजवली.